बाळाच्या डोक्याचा आकार आणि हेल्मेट: ठरवण्याआधी वाचा

चपट्या डोक्याचा आकार सुधारायला बाळाला घालतात त्या हेल्मेटची चौकशी करायला आमच्याकडे येणाऱ्या अनेक मुलांचं वय वर्षाच्या पुढे गेलेलं असतं. कारण साधं आहे. दाट जावळाखाली डोक्याचा आकार झाकलेला राहतो आणि जावळ काढलं की मागचा चपटेपणा एकदम डोळ्यांत भरतो. मग घरात चर्चा सुरू होते, मोबाइलवर हेल्मेट घातलेल्या बाळांचे फोटो दिसतात आणि आईवडील काळजीने आमच्या दारात येतात.

आम्ही ही हेल्मेटं बनवतो. तरीही वर्ष उलटलेल्या बहुतेक मुलांच्या आईवडिलांना आम्ही हेल्मेट घेऊ नका असंच सांगतो. त्यामागचं कारण तुम्हाला नीट कळावं म्हणून हे पत्रक.

हेल्मेट नेमकं काय करतं

हेल्मेट कवटी दाबून गोल करतं असा समज आहे. तसं होत नाही. बाहेरून प्लास्टिकचं कवच आणि आतून मऊ फोम अशी त्याची रचना असते. डोक्याचा जो भाग पुढे आलेला असतो तिथे ते नुसतं टेकतं, आणि जो भाग चपटा असतो तिथे मोकळी जागा सोडलेली असते. डोकं वाढतं तसं ते त्या मोकळ्या जागेत वाढतं. म्हणजे आकार सुधारतो तो वाढीमुळे. हेल्मेट त्या वाढीला फक्त दिशा देतं.

म्हणूनच वयाला एवढं महत्त्व आहे. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंमी असतो. पहिल्या वाढदिवसाला तो ४५-४६ सेंमीच्या आसपास पोचतो. यातली मोठी वाढ पहिल्या सहा महिन्यांतच होऊन जाते. दुसऱ्या वर्षात घेर जेमतेम २ सेंमी वाढतो आणि कवटीही टणक होत जाते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सुरू केलेलं हेल्मेट तीन-चार महिन्यांत जो फरक दाखवतं, तो दीड वर्षाच्या मुलात दिसत नाही, मग हेल्मेट कितीही उत्तम बनवलेलं असो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली अशा हेल्मेटला पहिल्यांदा मान्यता दिली, ती ३ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी. अठरा महिन्यांपर्यंत परवानगी आहे म्हणून अठराव्या महिन्यातही तेवढाच गुण येईल असा अर्थ कृपया काढू नका.

डोकं चपटं का होतं

बाळाला पाठीवर झोपवा, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली दिला आणि १९९४ पासून तिथे त्याचा मोठा प्रचार झाला. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यानंतर निम्म्याहून खाली आलं. त्याच काळात मागून चपट्या डोक्याची बाळं जास्त दिसू लागली. तेव्हा पाठीवर झोपवणं अजिबात सोडू नका. चपटेपणावर उपाय आहेत.

मुदतीआधी जन्मलेली बाळं आणि जुळी यांच्यात हे जास्त आढळतं. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडला असेल तर बाळ सतत एकाच बाजूला मान वळवतं आणि ती बाजू चपटी होते. अशा बाळाला आधी फिजिओथेरपी हवी. मान मोकळी केल्याशिवाय हेल्मेट लावणं म्हणजे मूळ कारण तसंच ठेवणं.

आणखी एक, जे आम्ही प्रत्येक आईला सांगतो. ‘तू नीट झोपवलं नाहीस’ हे ऐकत ऐकत कित्येक जणी इथपर्यंत येतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तुम्ही बाळाला पाठीवर झोपवलंत, ते बरोबरच केलंत. यात तुमचा दोष नाही.

हे दिसलं तर आमच्याकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा

कवटीची हाडं जिथे जुळतात त्या सांध्यांपैकी एखादा वेळेआधीच बंद होण्याचा एक आजार असतो. साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एखाद्याला तो होतो. त्यावर शस्त्रक्रिया लागते आणि ती शक्यतो पहिल्या वर्षात करतात. नुसत्या हेल्मेटने तो बरा होत नाही, उलट मोलाचा वेळ जातो.

आकार जन्मापासून वेगळा असेल आणि सुधारण्याऐवजी वाढत असेल, हाताला हाडाची कडक कड लागत असेल, टाळू फार लवकर भरून आली असेल, डोक्याचा घेर वाढायचा थांबला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. बाळाच्या डोक्याकडे वरून पाहिलं तरी बरंच कळतं. झोपण्याच्या सवयीने चपट्या झालेल्या बाजूचा कान बहुधा पुढे सरकलेला दिसतो. तो मागे ओढल्यासारखा दिसत असेल तर तपासणी टाळू नका. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय आम्ही कुणाचंही माप हेल्मेटसाठी घेत नाही.

किती चपटं म्हणजे जास्त

नजरेवर विसंबू नका. आजीला जे फार वाटतं ते बाबांना दिसतही नाही. आम्ही डोक्याची दोन तिरकी मापं घेतो, कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंत. समजा एक १५० मिमी आणि दुसरं १३८ मिमी आलं. फरक १२ मिमी, त्याला मोठ्या मापाने भागलं की ८ टक्के. साडेतीन टक्क्यांच्या आतला फरक सर्वसाधारण मानतात. त्यापुढे सव्वासहापर्यंत सौम्य, सव्वासहाच्या पुढे मध्यम, पावणेनऊच्या पुढे तीव्र आणि अकराच्या पुढे अतितीव्र. डोकं मागून सरळ चपटं आणि रुंद असेल तर रुंदी व लांबी यांचं प्रमाण पाहतात.

मापाचा कागद तुम्हाला घरी देतो. महिन्याने पुन्हा मोजून दोन आकडे शेजारी ठेवले की निर्णय सोपा होतो. आपोआप सुधारत असलेल्या डोक्याला हेल्मेट नको.

संशोधन काय सांगतं

नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र चपटेपणाच्या निम्म्या बाळांना सहाव्या महिन्यापासून हेल्मेट दिलं, उरलेल्यांना काहीच दिलं नाही. दोन वर्षांची झाल्यावर पाहिलं तर पूर्ण बरी झालेली मुलं हेल्मेटच्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. घाम, वास, त्वचेचा त्रास अशा तक्रारी मात्र हेल्मेटच्या गटातल्या सगळ्या पालकांनी सांगितल्या. अतितीव्र चपटेपणाची आणि मान आखडलेली बाळं या अभ्यासात नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेतल्या मेंदूशल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ साली दिलेला सल्ला असा: बाळाला झोपवण्याची स्थिती बदलून आणि फिजिओथेरपी करूनही मध्यम ते तीव्र चपटेपणा राहिला, तर हेल्मेट द्यावं.

आमचं मत या दोन्हींवर बेतलेलं आहे. सौम्य चपटेपणाला कोणत्याही वयात हेल्मेट नको. मध्यम असेल तर आधी घरचे उपाय आणि फिजिओथेरपी. तीव्र असेल आणि बाळ चार ते आठ महिन्यांचं असेल तर हेल्मेटचा विचार जरूर करा, उशीर करू नका. वर्षानंतर फक्त तीव्र चपटेपणात, आणि तेही फार मोठी अपेक्षा न ठेवता. दीड वर्षानंतर आम्ही ऑर्डर घेत नाही.

नाही लावलं तर?

झोपण्याच्या सवयीने आलेल्या चपटेपणामुळे मेंदूला इजा होत नाही. मूल उठून बसायला, रांगायला लागलं की मागचा दाब कमी होतो, आकार थोडाफार भरत जातो आणि केसांखाली उरलेलं सहसा झाकलं जातं. अशा काही मुलांमध्ये बसणं-चालणं थोडं उशिरा होताना दिसतं. कमी हालचाल करणारं बाळ एकाच स्थितीत जास्त वेळ पडून राहतं, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. तेव्हा मूल वयाप्रमाणे बसतंय, चालतंय ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. डोक्याच्या आकारापेक्षा आम्हाला त्याचीच काळजी जास्त वाटते.

घरचे उपाय

मोहरीची उशी वापरू नका. डोकं गोल करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या उशाही नकोत. झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ कोणतीही मऊ वस्तू असणं धोक्याचं आहे आणि शिवण उसवली तर मोहरी नाका-तोंडात जाऊ शकते. अंघोळ घालणाऱ्या मावशींनी तेल जरूर लावावं, पण डोकं दाबून गोल करायचा प्रयत्न करू नये.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ते जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, दिवसभरात मिळून अर्धा तास तरी पालथं ठेवा. एकदमच ठेवायला हवं असं नाही, थोडं थोडं चालेल. झोपताना डोक्याची बाजू आलटून पालटून ठेवा. झोळी, कार सीट, बाउन्सर यांत तासन्‌तास ठेवू नका. कडेवर घेतलेल्या बाळाच्या डोक्यावर दाब पडत नाही, म्हणून ‘हाताची सवय लागेल’ असं कुणी म्हटलं तरी खुशाल घ्या.

हेल्मेट घ्यायचं ठरलंच तर

दिवसाचे २३ तास ते डोक्यावर हवं, अंघोळीपुरतं काढायचं. पहिले काही दिवस तास हळूहळू वाढवतो. दर दोन-तीन आठवड्यांनी यावं लागतं, कारण वाढीप्रमाणे आतला फोम घासून जागा करून द्यावी लागते. एवढ्या वेळा येणं जमणार नसेल तर आधीच सांगा. अधूनमधून घातलेल्या हेल्मेटचा उपयोग नाही.

मार्च ते जूनमध्ये घामाचा खरंच त्रास होतो. आतून रोज पुसून कोरडं करा, खाली टोपी घालू नका, खोली थंड ठेवा. काढल्यावर दिसणारी लाली तासाभरात गेली नाही किंवा त्वचा सोलवटली, तर हेल्मेट न घालता आम्हाला फोन करा. ताप असेल तेव्हाही काढून ठेवा. वर्षाचं मूल पट्टा स्वतःच ओढून काढतं आणि मग घरात रोजची झटापट सुरू होते, हेही निर्णयात धरा.

हेल्मेट आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि पुढच्या भेटींचे पैसे किमतीत धरले आहेत का, ते लिहून घ्या.

येताना बाळाचं लसीकरणाचं कार्ड, डोक्याच्या घेराच्या आधीच्या नोंदी, बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणि असतील तर दोन-चार महिन्यांपूर्वीचे, वरून काढलेले फोटो आणा. बाळ मुदतीआधी जन्मलं असेल तर डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची मूळ तारीखही सांगा, वय त्यावरून मोजतो. केस ओले करून चापून बसवले की माप नीट घेता येतं, त्यासाठी जावळ काढायची गरज नाही.