घामाच्या पट्ट्याने पोटाची चरबी वितळत नाही

ठाण्यात तलावपाळीवर किंवा उपवनला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांपैकी काहीजण पोटावर रबरी पट्टा आवळून चालतात, कारण घामावाटे तिथली चरबी वितळून बाहेर पडते, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. पट्टा काढल्यावर त्वचा ओलीचिंब असते आणि काट्यावर वजनही थोडे उतरलेले दिसते, पण ते गेलेले पाणी असते; पाणी प्यायल्यावर ते भरून येते.

त्वचेखालच्या पेशींत चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठलेली असते. ऊर्जेची गरज वाढली की संप्रेरकांच्या इशाऱ्याने तिचे विघटन होते, मेदाम्ले रक्तात उतरतात आणि काम करणाऱ्या कुठल्याही स्नायूत जाऊन जळतात. त्यामुळे पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी खर्च होईल, असे नाही. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात १३ पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढले. नंतर तपासलेल्या पोट, पाठ व नितंब अशा तिन्ही जागच्या मेदपेशींचा आकार जवळपास सारखाच घटला होता. मला हा पुरावा फार बोलका वाटतो.

मग चरबी जाते कुठे? मुख्यतः श्वासावाटे. १० किलो चरबी पूर्ण जळली, तर तिचे सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून आणि उरलेले १.६ किलो पाणी होऊन बाहेर पडते, हे २०१४ साली ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन व अँड्र्यू ब्राउन यांनी गणिताने दाखवले. पट्ट्याखाली मात्र घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. एप्रिल-मेच्या दमट हवेत तो बांधून चालणे टाळावे.