भेगांची गाडी आणि गड्ड्यांची गाडी

जानेवारीतली सकाळ. हिंगणा रोडच्या बाजूला असलेल्या आमच्या लेआउटसमोर पिकअपच्या मागे जोडलेली एक दोनचाकी ट्रॉली येऊन थांबली. वर काळी टाकी, बाजूला बर्नरची घरघर, तापमानाची तबकडी, छोटंसं धुराडं. समोरच्या काकू फाटकाशी आल्या. "बरं झालं आले बाप्पा. आधी हा गड्डा बुजवून द्या, पोरं पडतात इथे."

टाकीपाशी उभा असलेला पोरगा म्हणाला, "काकू, या गाडीतून गड्डा नाही भरत. आम्ही भेगा भरायला आलो."

"काऊन नाही भरत? डांबरच आहे ना आत?"

पोराकडे उत्तर होतं, पण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. तो गप्प राहिला, आणि काकूंना वाटलं की हा काम टाळतो आहे. मी वीसेक वर्षं रस्त्यांच्या देखभालीच्या कामांवर काढली आहेत, म्हणून खाली उतरलो आणि जमेल तसं सांगितलं. उन्हात उभ्या उभ्या जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितो. काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो बऱ्याच लोकांच्या मनात असतो.

रस्तादुरुस्तीचा गरम माल वाहणाऱ्या दोन ट्रॉल्या असतात. एक हॉट बॉक्स, म्हणजे प्लांटवर गिट्टी आणि डांबर गरम मिसळून केलेलं तयार हॉटमिक्स गरम ठेवणारी पेटी. दुसरी सीलंट मेल्टर, म्हणजे भेगांत ओतायचा माल वितळवणारी टाकी. दोन्ही मागे जोडून ओढतात, दोन्हींना डिझेलचा किंवा गॅसचा बर्नर असतो, दोन्हींमधून वाफ आणि डांबराचा वास येतो. लांबून पाहणाऱ्याने दोन्हींना "डांबराची गाडी" म्हटलं तर त्याचं काही चुकत नाही. तसं पाहिलं तर डांबर हा शब्दही जुनाच चिकटून राहिला आहे. दगडी कोळशापासून निघायचं ते खरं डांबर. आज रस्त्यावर पडतं ते पेट्रोलियमपासून निघणारं बिटुमेन. पण लोक डांबर म्हणतात, मीही इथे डांबरच म्हणतो.

आता काकूंचा प्रश्न. हॉट बॉक्समधल्या १०० किलो मालात डांबर जेमतेम ५ किलोच्या आसपास असतं. बाकी सगळी गिट्टी, चुरी आणि बारीक भुकटी. गड्ड्यावरून ट्रक गेला की भार पेलते ती गिट्टी, एकमेकींत घट्ट अडकून बसलेली. डांबर त्यांना फक्त धरून ठेवतं. मेल्टरमधल्या मालात गिट्टीचा खडाही नसतो. ते असतं डांबर, त्यात मिसळलेलं रबर किंवा पॉलिमर. कारखान्यातून ठोकळ्यांच्या रूपात येतं आणि टाकीत वितळवून वापरलं जातं. त्याचं काम भार पेलण्याचं नाही. भेग थंडीत रुंदावते, उन्हाळ्यात मिटते. तिच्याबरोबर ताणायचं, दबायचं आणि पाणी आत जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ते बनवलेलं असतं.

म्हणून त्या टाकीतला माल काकूंच्या गड्ड्यात ओतला असता तर दोन-तीन महिने तो काळाभोर, गुळगुळीत दिसला असता. मग नागपूरचा मे आला असता. हवा ४५ अंशांवर, आणि काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापलेला. आत दगडांचा सांगाडाच नाही म्हटल्यावर चाकांनी तो माल ओढून रस्त्यावर पसरवला असता आणि त्यावरून दुचाकी घसरल्या असत्या. उलटही तितकंच खरं: १० मिलिमीटरच्या भेगेत हॉटमिक्स भरायला गेलं तर गिट्टी तोंडाशीच अडकते, खाली पोकळी राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट खाली उतरतं.

या दोन गाड्यांचा खरा फरक मात्र उष्णतेत आहे, आणि माझ्या मते कामाचं जमणं-बिघडणं तिथेच ठरतं. नागपूरच्या माणसाला तो ठेल्यावर समजावता येईल. पोहे एकदा झाले की ठेलेवाला ते पुन्हा शिजवत नाही, खालच्या वाफेवर नुसते गरम राखतो. हॉट बॉक्स तसा. माल प्लांटवरच शिजून आलेला असतो. वाटेत आणि रस्त्यावर तो थंड होऊ द्यायचा नाही, इतकंच पेटीचं काम. मेल्टर म्हणजे जिलेबीचा पाक. कच्चा राहिला तर धरत नाही, तार चुकली की कडक होतो. तिथे उष्णता राखायची नसते, घडवायची असते, आणि घडवताना क्षणभरही नजर काढता येत नाही.

हॉटमिक्सचे आकडे ठरलेले आहेत. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-३० डांबर (व्हीजी म्हणजे घट्टपणावरून ठरवलेली प्रत) घेतलं तर प्लांटवर माल १५० ते १६५ अंशांना तयार होतो, टाकताना तो १४० च्या खाली गेलेला नसावा आणि रोलरची दाबणी ९० अंशांच्या वरच आटोपायला हवी. कडक उन्हाच्या आणि जड वाहतुकीच्या ठिकाणी वापरतात त्या व्हीजी-४० ला यापेक्षा थोडं जास्त तापमान लागतं. ९० च्या खाली डांबर इतकं घट्ट होतं की गिट्टी सरकून जागा घेऊ शकत नाही. वरून रोलर कितीही फिरवा, आत छिद्रं राहतात. जूनमध्ये पाऊस त्याच छिद्रांतून शिरतो, चाकांच्या दाबाने पाणी आतल्या आत उसळतं, डांबर गिट्टीपासून सुटतं आणि लोक म्हणतात, "आत्ताच तर भरला होता!"

नव्या रस्त्याच्या कामात ही अडचण तितकी येत नाही, कारण टिप्परभर माल एका झटक्यात पसरला जातो. गड्ड्यांचं काम वेगळं. इथे चार घमेली, पुढच्या चौकात सहा, मग वाहतूक अडवा, कडा कापा, झाडा, चिकट थर मारा. उघड्या टिप्परमधला ढीग तोवर कडांनी थंड होत जातो. वर कवच धरतं, ते फावड्याने फोडावं लागतं. जानेवारीत रात्रीचं काम असेल आणि हवा १० अंशांवर असेल तर पहिला गड्डा चांगला भरतो आणि दहावा नावालाच. माणसं तीच, माल तोच. फक्त उष्णता संपलेली. मजुरांना दोष देणाऱ्यांनी हे एकदा उभं राहून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

हॉट बॉक्स ही उष्णता धरून ठेवतो. जाड उष्णतारोधक भिंती, वर झाकणं, मागे किंवा खाली लहान दार, म्हणजे लागेल तेवढाच माल निघतो. ज्योत थेट मालाला लागत नाही. मधल्या पोकळीतल्या गरम हवेने किंवा तेलाने पेटी तापते आणि थर्मोस्टॅट बर्नर चालू-बंद करत राहतो. उरलेला, गार पडलेला माल रात्रभर मंद आचेवर ठेवून सकाळी पुन्हा वापरण्याजोगा करण्याची सोयही काही पेट्यांत असते. तरी फिरून फिरून तापवलेल्या मालातलं डांबर करपतं. चमक जाऊन तो तपकिरी, कोरडा दिसू लागला आणि निळसर धूर निघाला, तर तो माल गड्ड्यात भरू नये.

मेल्टरची टाकी दुहेरी भिंतीची असते. ज्योत बाहेरच्या तेलाला तापवते, तेल आतल्या सीलंटला. घरी गरम पाण्यात वाटी ठेवून आपण एखादी गोष्ट जळू न देता वितळवतो, तसंच. आत ढवळणारी पाती सतत फिरत असतात, कारण रबर खाली बसता कामा नये. बहुतेक सीलंट १९० अंशांच्या आसपास ओतायचे असतात. नेमका आकडा आणि त्याची वरची मर्यादा खोक्यावर छापलेली असते आणि ती पाळायचीच असते. पंप, मग तापवलेली नळी, मग टोकाला लांब दांडीची तोटी. नळी तापवलेली नसेल तर माल वाटेतच गोठतो.

एका जुन्या कामावर, फार वर्षांपूर्वी, मेल्टर आणायचा खर्च टाळण्यासाठी सीलंटचे ठोकळे साध्या डांबराच्या बॉयलरमध्ये टाकलेले मी पाहिले आहेत. खाली थेट ज्योत, ढवळणं नाही. तळाशी कोळसा झाला आणि वर अर्धवट वितळलेले ठोकळे तरंगत राहिले. तेच डब्याने भेगांत ओतलं. दिवाळीनंतर केलेलं काम, होळीपर्यंत दोरीसारखं ओढून निघू लागलं. पॉलिमर जळून गेल्यावर उरलं होतं ते साधं डांबर, तेही करपलेलं. मी तेव्हा कनिष्ठ होतो, दोनदा बोललो, तिसऱ्यांदा बोललो नाही. ते आजही सलतं.

नागपुरात भेगांकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं, कारण शहराच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. शेतात मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात तेच रस्त्याखालीही चालू असतं. वरची बोटभर भेग उघडी राहिली की पावसाळ्यात पाणी मातीपर्यंत पोहोचतं, पाया मऊ होतो, आणि पुढच्या वर्षी तिथे भेग नसते, गड्डा असतो. काकूंच्या गड्ड्याची सुरुवातही बहुधा अशीच झाली असावी. त्याच्या दोन्ही टोकांना जुनी भेग अजून दिसत होती.

सिमेंट रोडवर ही भेग मुद्दाम ठेवलेली असते. साडेचार मीटर लांबीचा काँक्रीटचा पट्टा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळपास २ मिलिमीटर लांब-आखूड होतो, म्हणून पट्ट्यांमध्ये सांधे कापतात आणि ते सीलंटने बंद करतात. शहरात इतके सिमेंट रोड झाले आहेत की या सांध्यांकडे पाहणं हे आता नेहमीचंच काम व्हायला हवं. तिथे हॉट बॉक्सचा काही उपयोग नाही.

भेग भरायला हिवाळा चांगला, कारण तेव्हा ती उघडलेली असते. मे महिन्यात ती मिटलेली असते. तेव्हा भरलेला माल थंडीत कमी पडतो. भेगेतली धूळ, गवत, ओल हवेच्या दाबाने उडवून ती कोरडी केल्याशिवाय ओतण्यात अर्थ नाही. केसासारख्या बारीक भेगेत हा घट्ट माल उतरतच नाही. आणि रस्त्यावर मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल तर ती सीलंटने भरू नये. तिथे पायाच गेलेला असतो, तेवढा तुकडा कापून हॉटमिक्सच भरावं लागतं. भेगांवाली गाडी अशा जागी न थांबता पुढे गेली तर तिचं बरोबर आहे.

किती माल लागतो, याचा हिशेब केला की दोन्ही गाड्यांचे आकारही समजतात. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल गड्ड्याला साधारण ४२ किलो दाबलेला माल लागतो, म्हणजे २ टनांच्या पेटीतून असे पंचेचाळीसेक गड्डे. १२ मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल भेगेला मीटरमागे फक्त १४४ मिलिलिटर सीलंट पुरतं. २०० लिटरच्या टाकीतून, सांडलवंड सोडली तर, सव्वा किलोमीटरहून जास्त भेग भरते.

ओळखायचं कसं, तर माणसांकडे आणि हत्यारांकडे पाहावं. फावडी, घमेली, दाबणीचं प्लेट मशीन किंवा छोटा रोलर बरोबर असेल तर हॉट बॉक्स. नळी, तोटी आणि पुढे चालणारा कॉम्प्रेसरवाला असेल तर मेल्टर. गिट्टी आणि इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) हवेच्या झोताने फेकणारं जेट पॅचर तिसरंच यंत्र आहे. त्यात गरम हॉटमिक्स नसतं.

दोन्ही गाड्यांपासून पोरांना दूर ठेवा, पण मेल्टरपासून जास्त. १९० अंशांच्या टाकीत ओला ठोकळा पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि माल उसळून बाहेर येतो. अंगावर उडालाच तर ओढून काढू नका, कातडीही निघते. वाहत्या गार पाण्याखाली बराच वेळ धरा आणि तसंच दवाखान्यात न्या.

यातलं निम्मं मी त्या सकाळी काकूंना सांगितलं. १४० चा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. तक्रारीत नुसतं "रस्ता खराब" न लिहिता गड्डा कुठे आहे, किती लांब-रुंद आणि किती खोल आहे, ते लिहा म्हटलं. त्यांनी स्वयंपाकघरातली फूटपट्टी आणून मोजलं.

तिसऱ्या आठवड्यात दुसरी गाडी आली. मुलांनी गड्ड्याच्या कडा चौकोनी कापल्या, झाडलं, चिकट थर मारला आणि पेटीचं मागचं दार उघडलं. काकू फाटकातूनच ओरडल्या, "दादा, किती आहे आतमध्ये?"

त्याने तबकडी पुसली. "एकशे सत्तेचाळीस, काकू."

"मंग टाका."