लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड: कोणत्या कामाला कोणते?

लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड ही संगणकावर मापात ड्रॉइंग काढायची (कॅड) सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही मोफत आहेत, दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात आणि दोन्हींच्या परवान्यात मोबदला घेऊन केलेल्या कामाला मुभा आहे. त्यामुळे फावल्या वेळात छोटे काम हाती घेणारे अनेक जण यांतले जे आधी सापडेल ते उतरवून घेतात आणि मग आपल्या कामाशी त्याचा मेळ न बसल्याने वैतागतात. मोफत म्हणून मिळणाऱ्या काही व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये कमाईच्या कामाला मनाई असते. तसा प्रश्न इथे येत नाही, म्हणून निवड केवळ कामाच्या स्वरूपावरून करता येते.

लिब्रेकॅड हा ड्रॉइंग बोर्डच समजावा. क्यूकॅड या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरच्या मुक्त आवृत्तीतून ते वेगळे झाले, ते फक्त द्विमितीय रेखाटन करते आणि फाइल प्रामुख्याने डीएक्सएफमध्ये, म्हणजे अनेक कॅड सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या ड्रॉइंग-फाइलच्या प्रकारात, साठवते. फ्रीकॅडमध्ये मात्र आधी स्केच काढायचे, त्यावर मापांची आणि संबंधांची बंधने घालायची आणि मग त्याला जाडी देऊन त्रिमितीय वस्तू घडवायची, असा क्रम असतो.

फरक कळतो तो माप बदलताना. समजा, १२० बाय ८० मिलिमीटरची एक पट्टी आहे आणि तिच्या चारही कोपऱ्यांत, कडांपासून १० मिलिमीटरवर, ५ मिलिमीटर व्यासाची छिद्रे आहेत. लिब्रेकॅडमध्ये पहिला बिंदू ठेवून पुढे @१२०,० लिहिले की खालची कड तयार होते, आणि सारे ड्रॉइंग थोड्याच वेळात उरकते. पण लांबी १४० करायची ठरली, तर उजवी बाजू आणि तिथली दोन्ही छिद्रे एकत्र निवडून स्ट्रेच करावी, म्हणजे ताणून सरकवावी लागतात. एखादे छिद्र निवडायचे राहिले, तर ते जुन्याच जागी राहते आणि चूक चटकन नजरेत भरत नाही. फ्रीकॅडमध्ये छिद्रांची अंतरे कडांशी बांधलेली असतील, तर १२० या आकड्यावर डबल क्लिक करून १४० लिहायचे. छिद्रे आपोआप सरकतात. त्यासाठी सुरुवातीला प्रत्येक बंधन विचारपूर्वक घालावे लागते. स्केच पूर्ण बांधले गेले की त्याच्या रेषा हिरव्या होतात, आणि नवशिक्याने तिथवर न पोहोचता पुढे जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून खोलीचा आराखडा, नामफलक किंवा लेझरने एकदाच कापायचा पत्रा यांसाठी मी लिब्रेकॅडच सुचवेन. थ्रीडी प्रिंटरवर काढायचा डबा, एकमेकांत बसणारे भाग किंवा माप अजून पक्के न झालेली कोणतीही वस्तू असेल, तर फ्रीकॅड शिकण्यात गेलेला वेळ पहिल्या दुरुस्तीतच भरून निघू लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत, आधीचा टप्पा बदलल्यावर पुढचे मॉडेल मोडण्याची जुनी अडचण बरीच कमी झाली आहे, त्यामुळे याहून जुनी आवृत्ती घेऊ नये.

दोन्ही एकत्रही वापरता येतात: फ्रीकॅडमधले स्केच डीएक्सएफ म्हणून काढून लिब्रेकॅडमध्ये उघडता येते. मात्र कापायला देण्यापूर्वी एक बाजू मोजून पाहावी, कारण एकक इंच धरले गेले तर आकार २५.४ पटींनी चुकतो. आणि एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा पुसाव्यात, नाहीतर लेझर तीच कड दोनदा जाळतो.