तीन केळी म्हणजे नेमकी किती? घरी चॉकलेट-बनाना लोफ करणाऱ्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात वडगावच्या एक ताई बेळगावातल्या आमच्या दुकानात आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "फुगंना झालंय की ओ. कोको तुमचाच, सोडा तुमचाच. आता तुम्हीच बघा." डब्यात लोफचा जाडसा काप होता. वरचा भाग चांगला जाळीदार, काळसर तपकिरी. खाली मात्र बोटभर थर गार झालेल्या पिठल्यासारखा घट्ट आणि चकचकीत. सुरी लावली की तिला चिकटून वर येत होता. केळी किती घातली, असं विचारलं तर म्हणाल्या, "तीन. कृतीत तीनच लिहिलेली." कोणती? "मोठी, हिरव्या सालीची. घरात ठेवून पिकवलेली."

बाजारातल्या गाडीवरून तशीच तीन केळी आणून आम्ही सोलली आणि दुकानाच्या काट्यावर ठेवली. गर भरला सव्वाचारशे ग्रॅम. मग तीन येलक्की, म्हणजे छोटी वेलची केळी ठेवली, तर जेमतेम एकशे तीस. दोन्ही वेळा केळी तीनच!

सोडा चांगला होता, कोको चांगला होता, ताईंचा हातही चांगला होता. चुकली ती केळ्यांची मोजणी. आपल्याकडे केळी डझनावर घ्यायची सवय, त्यामुळे वजनाचा विचारच मनात येत नाही. शिवाय बहुतेक कृती परदेशातून आलेल्या. तिकडे केळं म्हटलं की एकच मोठी जात डोळ्यांसमोर असते. बेळगावच्या बाजारात येलक्की, जवारी म्हणजे गावठी आणि हिरव्या सालीची मोठी केळी एकाच गाडीवर शेजारी शेजारी असतात. म्हणून या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: केळी मोजू नका, तोला. एका लोफला सोललेल्या केळ्यांचा गर 300 ग्रॅम. मोठी असतील तर दोन-अडीच केळ्यांत होतो, येलक्कीची सहा-सात लागतात.

जास्त केळ्याने बिघडतं काय?

केळ्याच्या गरात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे 300 ग्रॅम गरातून सव्वादोनशे मिली पाणी पिठात येतं. एक मोठं केळं जादा पडलं की आणखी शंभर मिली. हातात पाण्याचा पेला नसतो, म्हणून आपण पाणी ओततोय हे जाणवत नाही. एवढं पाणी मैदा धरून ठेवू शकत नाही. वरचा भाग फुगून सुकतो, खालचा नुसता शिजतो. तोच तो पिठल्यासारखा थर. उलट येलक्की तीनच घातली तर लोफ कोरडा होतो आणि दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरायला चहा लागतो.

केळी पिकलेली म्हणजे किती पिकलेली, हेही पुष्कळजण विचारतात. सालीवर काळे ठिपके दाट झाले पाहिजेत आणि देठाशी दाबलं तर बोट रुतलं पाहिजे. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि केळ्याचा वासही तेव्हाच तयार होतो. कच्च्या केळ्यात दोन्ही तयारच झालेलं नसतं, म्हणून वरून कितीही साखर घातली तरी तो वास येत नाही. घाई असेल तर केळी कागदी पिशवीत एका पिकलेल्या सफरचंदाबरोबर ठेवा, नाहीतर आपली जुनी रीत आहेच, तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. दोन दिवसांत होतात. फ्रीजमध्ये ठेवून केळी पिकत नाहीत, नुसती साल काळी पडते आणि फसायला होतं. जास्त पिकली आणि आज वेळ नसेल तर सोलून, तीनशे ग्रॅमची पुडी करून फ्रीझरला टाका. वापरताना सुटलेलं पाणीही पिठात घालायचं, तोलताना ते धरलेलंच आहे.

प्रमाण

नऊ बाय पाच इंचाच्या लोफ टिनसाठी: केळ्यांचा गर 300 ग्रॅम, मैदा 170 ग्रॅम, कोको 40 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, साखर 70 आणि गूळ पावडर 70 ग्रॅम, दोन अंडी, खायचा सोडा एक सपाट छोटा चमचा (पाच मिलीचा मापाचा, चहाचा नव्हे), मीठ पाव चमचा, डार्क चॉकलेटचे तुकडे 100 ग्रॅम. बटर मिठाचं असेल तर वेगळं मीठ घालू नका. नुसती साखर घातली तरी चालतं, पण आपल्या भागात उसाला आणि गुळाला तोटा नाही, आणि गुळाने केळ्याची चव खुलते. ढेपेचा गूळ किसून घेतलात तर तो ओलसर असतो, त्यात गुठळी राहू देऊ नका. भाजताना ती वितळते आणि लोफमध्ये तिथे खड्डा पडतो.

घरचं तूप वापरणाऱ्यांनी शंभरऐवजी 80 ग्रॅम तूप आणि चार छोटे चमचे दूध घ्यावं. विकतच्या बटरमध्ये सुमारे 80 टक्केच स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतंच.

कोकोची पुडी उलटी करून वाचा

कोको दोन तऱ्हांचा मिळतो आणि दोन्हींना सोडा सारखा लागत नाही. पहिला साधा, नैसर्गिक कोको: रंगाने फिका, विटकरी, चवीला किंचित आंबट. दुसरा अल्कली लावलेला: गडद, कधी कधी जवळजवळ काळा, चवीला सौम्य. याला डच कोको म्हणतात, कारण ही पद्धत नेदरलँड्सच्या व्हान हाउटेन घराण्यातून आली. कोकोतली चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंटही त्याच घराण्याचं, 1828 सालचं. पुडीच्या मागे घटकांच्या यादीत 'ॲसिडिटी रेग्युलेटर' आणि पुढे 500 किंवा 501 असे आकडे दिसले, तर तो अल्कली लावलेला कोको समजा.

याचा आपल्याशी संबंध असा. खायच्या सोड्याला फसफसायला आंबटपणा लागतो. केळं थोडं आंबट, गूळही थोडा हातभार लावतो, आणि साधा कोको असेल तर त्याचाही वाटा. तेव्हा एक चमचा सोडा पुरा खर्ची पडतो. डच कोकोचा आंबटपणा आधीच गेलेला असतो. त्यात तेवढाच सोडा घातला तर काही उरतो आणि लोफला साबणासारखी चव येते. म्हणून डच कोकोला अर्धा चमचा सोडा आणि एक चमचा बेकिंग पावडर. "रंग मस्त आला, पण तोंडात कसंतरीच लागतं" अशी तक्रार आमच्याकडे येते, तेव्हा दहातली नऊ कारणं इथेच सापडतात.

चॉकलेटबाबतही सरळ सांगतो. आमच्याकडे कंपाऊंडही मिळतं आणि अस्सल चॉकलेटही. कंपाऊंड स्वस्त, केकवर ओतायला आणि साच्यात घालायला सोयीचं. पण लोफच्या पोटात ते घालू नका. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते आणि खाल्ल्यावर टाळ्याला मेणचट पापुद्रा बसतो. कोको बटर साधारण 34 अंशांना, म्हणजे तोंडाच्या उबेत वितळतं. शंभर ग्रॅमपुरता प्रश्न आहे, तिथे काटकसर करू नये असं आमचं मत.

कृती

आधी ओव्हन 170 अंशांवर पंधरा मिनिटं तापवा, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू. टिनमध्ये बटर पेपर असा घाला की दोन्ही लांब बाजूंनी तो बाहेर लोंबेल. पुढे तेच उचलायचे कान.

बटर मंद आचेवर वितळवा. गरम असतानाच त्यात कोको घालून फेटा. सुरुवातीला चिखलासारखं दिसतं, मग हळूहळू चकाकी येते आणि एका क्षणी चॉकलेटचा असा वास सुटतो की पोरं स्वयंपाकघरात येतात. कोरडा कोको पिठात घातला तर हा वास पुरता उलगडत नाही, शिवाय बारीक गोळ्या राहतात. पावसाळ्यात तर जास्तच, कारण कोको हवेतला ओलावा ओढून गच्च बसतो. हे मिश्रण बोट बुडवता येईल इतपत कोमट होऊ द्या, नाहीतर अंडी फाटतात.

केळी काट्याने कुस्करा, मिक्सरला लावू नका. मिक्सरमध्ये गर चिकट होतो. वाटाण्याएवढे गोळे राहिले तरी राहू द्या, भाजल्यावर त्यांचा मऊ गोड पाक होतो. केळ्यात साखर, गूळ आणि अंडी घालून हलवा, मग कोकोचं मिश्रण. मैदा, सोडा आणि मीठ एकत्र चाळून वरून घाला आणि तळापासून वर उचलत मिसळा. पांढरं दिसेनासं झालं की हात थांबवा. इथे बहुतेकांचा हात थांबत नाही. थालीपीठ-चपातीची सवय असते, पीठ मळावंसं वाटतं. लोफचं पीठ मळायचं नसतं. मळलं की मैद्याला ताण येतो आणि आत लांबट बोगदे पडतात. चॉकलेटचे दोन तृतीयांश तुकडे आत, उरलेले वर पेरा.

170 अंशांवर 60 ते 70 मिनिटं. चाळीस मिनिटांनंतर मधोमध लांब भेग पडते. ती दोष नाही. कडा आधी बसतात, आतली वाफ मधून वाट काढते. वरचा रंग फार गडद होऊ लागला तर फॉइल सैल पांघरा. साठाव्या मिनिटाला विणायची सुई मध्यभागी घाला. ओले कण चिकटले तर हरकत नाही, ओलं पीठ आलं तर आणखी दहा मिनिटं. वितळलेलं चॉकलेट सुईला लागलं की माणूस फसतो, म्हणून दोन ठिकाणी टोचून बघा. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 95 अंशांच्या आसपास आलं की झालं.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं टिनमध्येच, मग कागदाचे कान धरून जाळीवर. दीड तास कापू नका. गरम कापलेला लोफ ओला वाटतो आणि आपण उगाच स्वतःला दोष देतो.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, तळाशी जाळी किंवा स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा. मग टिन आत ठेवून आच बारीक करा. सव्वा तास धरा, पहिली पन्नास मिनिटं झाकण उघडू नका. झाकणाच्या आतून फडकं बांधलं तर वाफेचे थेंब लोफवर पडत नाहीत. फडक्याची टोकं वर गुंडाळून बांधा, आचेजवळ लोंबू देऊ नका. कुकर रिकामा तापवण्याच्या आम्ही विरोधात आहोत. त्याचं बूड वाकतं आणि पुढे रोजच्या भातालाही तो नीट बसत नाही.

करंट गेला तर

खानापूर आणि निपाणीच्या बाजूची गिऱ्हाइकं हे हमखास विचारतात. करंट गेला की पहिली गोष्ट, ओव्हनचं दार उघडू नका. चाळीस मिनिटं होऊन गेली असतील तर आतल्या उष्णतेवर लोफ बराच पुढे जातो. करंट आल्यावर सुई घालून उरलेला वेळ द्या. पहिल्या वीस मिनिटांत गेला तर लोफ बसण्याची शक्यता जास्त. टिन उचलून सरळ तापवलेल्या पातेल्यात ठेवा. त्यासाठी ज्यांच्याकडे करंटचा भरवसा नाही त्यांनी पातेलं गॅसवर आधीच काढून ठेवावं.

हल्ली काहीजण इंटरनेटवर वाचून उंचीचा हिशेब विचारतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. पाणी इथे शंभराऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, एवढाच फरक. सोडा कमी करण्याचे, पाणी वाढवण्याचे जे तक्ते मिळतात ते बहुतेक हजार मीटरच्या वरच्या गावांसाठी असतात. आपल्याला त्यांची गरज नाही.

अंडं चालत नसेल तर

श्रावणात आणि गणपतीत याचीच विचारणा असते. दोन अंड्यांऐवजी 100 ग्रॅम घट्ट दही घ्या आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर जादा घाला. दही फडक्यात अर्धा तास टांगलेलं असावं, नाहीतर पुन्हा तेच, पाणी वाढतं. भाजायला दहा मिनिटं जास्त लागतात. लोफ थोडा बुटका होतो पण मऊ होतो, आणि आमच्या घरी तोच जास्त आवडतो.

आत कुंदा (दूध आटवून केलेली आपली बेळगावची मिठाई) घालू का, असंही विचारतात. आम्ही घालून पाहिला. तो तळाशी जाऊन बसतो आणि करपतो. कुंदा वाटीत वेगळा घ्या, लोफचा काप किंचित गरम करा आणि शेजारी ठेवून खा. बेळगावच्या माणसाला आणखी काही सांगायला नको.

ठेवणं

पूर्ण गार झाल्यावर डब्यात. हिवाळ्यात बाहेर तीन दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चविष्ट लागतो. जून ते सप्टेंबर मात्र एकच दिवस बाहेर, मग फ्रीज. खाताना काप तव्यावर दोन्हीकडून शेकून घ्या. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा भाग कापून बाकीचा खाऊ नका, सगळा टाका. ओल्या लोफमध्ये बुरशी दिसते त्याच्या पुष्कळ खोल गेलेली असते.

घरी वजनकाटा नसेल तर केळी दुकानात घेऊन या. सोलून तोलून, तीनशे ग्रॅमची पुडी बांधून देतो, त्याचे पैसे घेत नाही. लोफ बिघडला तर टाकण्याआधी त्याचा एक काप आणि कोकोची पुडी बरोबर आणा. वडगावच्या ताईंनी पुढच्याच आठवड्यात आणलेला डबा आम्ही चौघांनी काउंटरवरच संपवला.