राउटरला सहा अँटेना, पण हवेत बोलणार एकच

गेल्या महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या ऐन धावपळीत, सीए मित्राचा फोन. "अरे वायफायच्या दांड्या फुल दिसतायत आणि पोर्टल काही हलत नाहीये, तू ये बाबा." सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात ऑफिस, तीन खोल्या, दीड फुटाच्या भिंती, बारा माणसं. मधल्या खोलीत कपाटावर नवा कोरा राउटर, उताण्या झुरळासारख्या सहा अँटेना वर केलेला. दुकानदार म्हणाला होता, "सर हा भिंती फाडून जातो."

जातो की! अडचण परत येताना आहे. राउटर साधारण १०० मिलीवॅटने बोलतो, मोबाईल त्याहून बारीक आवाजात. त्यामुळे राउटरचं मोबाईलला ऐकू येतं आणि दांड्या फुल दिसतात, पण मोबाईलचं उत्तर दीड फूट विटामातीतून परत पोचेपर्यंत जीव टाकतं. म्हणजे राउटरचा आवाज वाढवून अर्धाच प्रश्न सुटतो.

आता माझा आवडता भाग, जरा धीर धरा. आपल्याला वाटतं वायफाय म्हणजे नळ, मोठा घेतला की पाणी जास्त. प्रत्यक्षात ती सोसायटीची मीटिंग आहे, फक्त सगळे सभासद सभ्य आहेत अशी कल्पना करायची (अवघड आहे, माहितीये). एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका ठराविक पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं. रेडिओला स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही, कारण स्वतःचा सिग्नल समोरून येणाऱ्यापेक्षा सहज १० कोटी पट मोठा असतो. मग टक्कर झालेली कळणार कशी? कळतच नाही! म्हणून आधीच काळजी घ्यायची: बोलण्यापूर्वी कान द्यायचा, ५ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या २.४ आणि ५ अशा दोन मुख्य पट्ट्यांपैकी एक) हवा ३४ मायक्रोसेकंद शांत असली की मनातल्या मनात ० ते १५ मधला एक आकडा निवडायचा आणि ९-९ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांनी उलटं मोजत यायचं, शून्य झालं की बोलायचं, मध्येच दुसरा कोणी सुरू झाला तर मोजणं आहे तिथे थांबवायचं. पाकीट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, नीट पोचलं तर समोरून छोटीशी पोच येते, नाही आली तर टक्कर झाली असं समजायचं आणि आकडा आता ० ते ३१ मधून निवडायचा, मग ० ते ६३, असं वाढत १०२३ पर्यंत. म्हणजे गर्दी जितकी जास्त तितका प्रत्येकजण आपणहून मागे सरतो, आणि हे सगळं वर्गात असतो तशा मॉनिटरशिवाय! पोच आली नाही तर वाटेल तितकं थांबून पुन्हा पाठवायचं, ही युक्ती हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या अलोहानेटने १९७१ साली बेटाबेटांमध्ये वापरून दाखवली होती, तिथे तर आधी ऐकायचीही पद्धत नव्हती.

आता या सभेत एक हळू बोलणारा आणून बसवा. मित्राच्या ऑफिसात तो होता, कोपऱ्यातला जुनाट स्कॅनर-प्रिंटर. १५०० बाइटचं पाकीट म्हणजे १२,००० बिट. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० दशलक्ष बिट) बोलणाऱ्या लॅपटॉपला त्याला ०.१२ मिलीसेकंद लागतात, १ एमबीपीएसवर अडकलेल्या प्रिंटरला १२. पाळी दोघांनाही सारखीच मिळते, पण हा बोलायला उठला की तेवढ्या वेळात शंभर पाकिटं गेली असती! आम्ही प्रिंटरचं वायफाय बंद करून त्याला केबल लावली आणि पोर्टल हललं. बारा माणसांनी आठवडाभर इंटरनेट कंपनीला शिव्या घातल्या होत्या.

शेजारच्या पोराने फोनमधल्या अ‍ॅपवर बघून "चॅनल ४ रिकामा आहे" म्हणून तो लावून दिला होता. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आणि रुंदी मात्र २०, त्यामुळे १, ६, ११ एवढेच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. ४ वर बसलात की १ आणि ६ दोघांचा गोंगाट. त्यापेक्षा सरळ शेजाऱ्याच्याच चॅनलवर बसा, निदान एकमेकांचं ऐकून पाळी तरी लावता येते.

खोक्यावरचा "एसी १२००" हा आकडाही गंमतच. २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० एमबीपीएस आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज, वर शंभरात गोल करून. तुमचा मोबाईल एका वेळी साधारण एकावरच असतो. वायफाय सिक्समध्ये एकाच चॅनलच्या चिंध्या करून चार-पाच जणांना एकदम वाटता येतात, ते खरंच कामाचं आहे, पण फोन आणि लॅपटॉपही त्याच पिढीचे हवेत.

आणि रिसेप्शनवरच्या ताईंच्या मोबाईलमागे रेडिएशन शोषणारा स्टिकर होता. २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाईलचं रेडिएशन कमी करते म्हणून शेणाची चिप दाखवली होती. अहो, स्टिकरने खरंच लहरी शोषल्या तर टॉवर गाठायला फोन आणखी जोराने बोलेल!

शेवटी घेतलं काय, तर दोन मध्यम अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट वायफायने पसरवणारे डबे), छताला, दोन टोकांच्या खोल्यांत, दोघांना वेगळे चॅनल, ५ गिगाहर्ट्झवर भर आणि पॉवर मुद्दाम कमी. कॅट सिक्स केबल आणि केबलमधूनच वीज देणारा एक पीओई स्विच. केबलसाठी भिंतीला भोक पाडायला मित्र तयार नव्हता, रिपीटर घेऊ म्हणत होता. पण साधा रिपीटर ऐकलेलं सगळं त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खातो. भोक पाडलंच.

सहा अँटेनावाला अजून कपाटावरच आहे, वायफाय बंद करून नुसता इंटरनेटच्या केबलला जोडलेला. काढून ठेव म्हटलं तर मित्र म्हणतो राहू दे, क्लायंटवर छाप पडते.