मुलींना पॉवर मूव्ह जमत नाहीत?
ब्रेकिंगमध्ये, म्हणजे ब्रेकडान्समध्ये, मुली फक्त पायांची नजाकत दाखवतात, पॉवर मूव्ह (अख्खं अंग गरागरा फिरवण्याच्या ताकदीच्या हालचाली) त्यांना झेपत नाहीत, हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो साफ चुकीचा आहे. एअरफ्लेअर ही पॉवर मूव्हच पाहा: पाय हवेत गोल फिरतात, अंगाचा भार आळीपाळीने एकेका हातावर येतो. नुसत्या दंडातल्या ताकदीवर इथे भागत नाही. पायांचा झोका आणि हात टेकण्याची वेळ अचूक साधावी लागते. अव्वल बी-गर्ल्स, म्हणजे ब्रेकिंग करणाऱ्या मुली, ते सरावाने साधतात. जपानची आयुमी तर २०१७ मध्ये रेड बुल बीसी वन या ब्रेकिंग स्पर्धेच्या जागतिक अंतिम फेरीत थेट पुरुषांविरुद्ध उतरली होती. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तंत्र, मूव्हमधलं वैविध्य, सफाई, संगीताची जाण, स्वतःची शैली या पाचही निकषांना सारखंच वजन होतं, स्त्री-पुरुष दोन्ही गटांत.