फुफ्फुसातले खडे कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे? नाही हो!

कॅल्शियमच्या गोळ्या जास्त घेतल्या, दूध जास्त प्यायलं की ते फुफ्फुसात जाऊन साचतं आणि खडे होतात, हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि त्या भीतीने लोक डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही बंद करतात, म्हणून हे लिहितोय.

खडे होतात तो आजार खरा आहे, पण फार दुर्मिळ. नाव पल्मनरी अल्व्हिओलर मायक्रोलिथियासिस. कारण आहे जीनमध्ये, एसएलसी३४ए२ नावाच्या, २००६ मध्ये सापडलं ते. होतं काय, की फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या उघड्या राहाव्यात म्हणून आत एक पातळ थर असतो, तो जुना झाला की त्यातून फॉस्फेट सुटतं आणि तिथल्या पेशी ते उचलून घेतात. जीन बिघडला की उचलणारा पंपच बंद, मग फॉस्फेट तिथेच कॅल्शियमला धरून बसतं आणि वाळूसारखे कण तयार होतात. रक्तातलं कॅल्शियम बहुतेक वेळा अगदी नॉर्मल! म्हणजे खाण्याचा संबंधच नाही.

एक्सरेत वाळूचं वादळ उठल्यासारखं दिसतं, पण पेशंटला अनेकदा काहीच त्रास नसतो. कधीकधी टीबी समजून उगाच औषधंही चालू होतात. बिघडलेला जीन आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे एकाला निघाला तर सख्ख्या भावंडांचाही एक्सरे काढून घ्या. कण विरघळवणारं खात्रीचं औषध अजून नाही, फुफ्फुसं अगदीच निकामी झाली तर ट्रान्सप्लांट करतात.